नंबर दिसला नाही म्हणून भरपाई बुडत नाही

‘ठोकून पळालेल्या गाडीचा नंबर मिळाला नाही, तर एक पैसाही मिळत नाही’ हा समज जुना आहे आणि पटण्यासारखाही. दावा करायचा तर कोणावर? गाडी नाही, मालक नाही, विमा नाही.

पण नेमक्या याच अडचणीसाठी मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये कलम 161 आहे. वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये मिळतात. हे दर 1 एप्रिल 2022 पासूनचे. त्याआधी 25 हजार आणि साडेबारा हजार होते. रक्कम आजही तुटपुंजीच, पण शून्य नव्हे. नुसते खरचटले तर ती मिळत नाही. हाड मोडले किंवा दात तुटला तर ती गंभीर दुखापत.

अर्ज कोर्टात नाही, अपघात झाला त्या भागातल्या प्रांत किंवा तहसीलदाराकडे करायचा. मंजुरी जिल्हाधिकारी देतात. सोबत एफआयआर, दुखापतीचा किंवा शवविच्छेदनाचा अहवाल, ओळखपत्र, पासबुकची प्रत. एफआयआरमध्ये ‘अज्ञात वाहन’ असे लिहिले आहे ना, ते एफआयआर घरी नेण्याआधी पोलीस ठाण्यातच वाचून घ्या. सगळी मदार त्या दोन शब्दांवर आहे.

गाडी पुढे सापडली तर? मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात रीतसर दावा करता येतो. आधी मिळालेली रक्कम त्यातून वळती होते.

खात्री करायची तर सरकारी संकेतस्थळावर कायद्याचे कलम 161 उघडून वाचा. फार मोठे नाही, चहा संपायच्या आत होते.