हाय टेन्शन लाइनजवळचं घर: घ्यावं की सोडावं?

घर मनासारखं असतं. उजेड भरपूर, खोल्या ऐसपैस, कागदपत्रंही चोख. मग गॅलरीचं दार उघडतं आणि समोर उच्चदाब वाहिनीचा टॉवर दिसतो. "अशा ठिकाणी कॅन्सर होतो म्हणे," असं कुणीतरी पुटपुटतं आणि विषय तिथेच संपतो. याच्या उलटही घडतं. आसपास एकही टॉवर नाही म्हणून निर्धास्तपणे घर घेतलं जातं आणि मुलांच्या खोलीच्या बरोबर खाली इमारतीचा ट्रान्सफॉर्मर असतो. मला हे दोन्ही निर्णय अपुरे वाटतात, कारण दोन्ही नुसत्या नजरेने घेतलेले असतात.

वीज वाहणाऱ्या तारेभोवती दोन क्षेत्रं असतात. विद्युत क्षेत्र व्होल्टेजवर ठरतं आणि भिंती, झाडं ते बरंचसं अडवतात. चुंबकीय क्षेत्र ठरतं ते प्रवाहावर, म्हणजे अँपिअरवर. ते भिंतीतून सहज पार होतं आणि आरोग्याची सगळी चर्चा त्याच्याभोवतीच फिरते. ते सेकंदाला 50 वेळा (काही देशांत 60 वेळा) हेलकावे घेतं. क्ष-किरणांसारखी रेणूंचे बंध तोडण्याची ताकद त्यात मुळीच नसते.

आता एक साधा हिशेब करू. इमारतीखाली 500 केव्हीएचा (केव्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता मोजायचं एकक) ट्रान्सफॉर्मर आहे. त्याला 11,000 व्होल्टने वीज मिळते तेव्हा पूर्ण भार असतानाही आत येणाऱ्या प्रत्येक तारेतून जेमतेम 26 अँपिअर वाहतात. तीच वीज 400 व्होल्टची होऊन बाहेर पडते तेव्हा प्रवाह 700 अँपिअरच्या वर जातो. म्हणजे ज्या बाजूला व्होल्टेज कमी, त्याच बाजूचं चुंबकीय क्षेत्र जास्त! 'धोका, 11,000 व्होल्ट' ही पाटी आपल्याला घाबरवते. पण पलंगाच्या दृष्टीने पाहायची ती दुसऱ्या बाजूने निघणारी जाड केबल, आणि ती ट्रान्सफॉर्मरच्या खोलीच्या छताला लागून गेली असेल तर वरच्या मजल्यावरची फरशी. ट्रान्सफॉर्मरच्या लगत राहणारी मुलं हा संशोधकांनी मुद्दाम अभ्यासासाठी निवडलेला गट आहे, तो याच कारणाने.

मोठ्या वाहिन्यांच्या बाबतीत अंतर आपल्या बाजूने असतं. तीन फेजच्या तारांमधले प्रवाह एकमेकांच्या मागेपुढे चालतात. थोडं दूर गेलं की त्यांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी खोडून काढतात. एकट्या तारेचं क्षेत्र दुप्पट अंतरावर निम्मं होतं. तीन तारांच्या वाहिनीचं साधारण चौथाईवर येतं. म्हणूनच वाहिनीच्या अगदी खाली काही मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) भरणारं क्षेत्र 50 ते 100 मीटरवर कुठल्याही घरात सापडणाऱ्या पातळीत मिसळून जातं. ही पातळी सरासरी 0.1 मायक्रोटेस्लाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. अंतराचा हा परिणाम घरातही दिसतो. डोक्यापासून 3 सेंटिमीटरवर धरलेल्या हेअर ड्रायरचं क्षेत्र 6 पासून 2000 मायक्रोटेस्लापर्यंत भरू शकतं. तोच एक मीटर लांब ठेवला की 0.03 सुद्धा ओलांडत नाही.

मोजण्यासाठी गॉसमीटर लागतो. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर विसंबू नका. त्यातला सेन्सर प्रामुख्याने पृथ्वीचं स्थिर चुंबकीय क्षेत्र दाखवतो आणि ते सगळीकडे 25 ते 65 मायक्रोटेस्ला असतं. रिकाम्या माळावरही 45 आकडा दिसेल आणि उगाच झोप उडेल. गॉसमीटरवर मिलीगॉस असतील तर 10 मिलीगॉस म्हणजे 1 मायक्रोटेस्ला. मोजायचं ते संध्याकाळी, सगळीकडे वीज वापरली जात असताना. दुपारी रिकाम्या घरात मिळालेला आकडा फार काही सांगत नाही. जिथे डोकं टेकणार त्या जागी मीटर धरा, मग तो हळूहळू भिंतीकडे न्या. पलीकडे मीटर रूम असेल तर शेवटच्या हातभर अंतरात आकडा झपाझप चढतो. तेव्हा पलंग समोरच्या भिंतीला लावला की बहुधा काम भागतं.

कॅन्सरचं काय? हा प्रश्न 1979 साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातून पुढे आला. नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांनी घरांबाहेरच्या तारांची जाडी आणि अंतर पाहून प्रवाहाचा अंदाज बांधला. जास्त प्रवाहाच्या तारांजवळ बालकांमधल्या रक्ताच्या कॅन्सरचं प्रमाण त्यांना जास्त आढळलं. पुढे 2000 साली अनेक देशांची माहिती एकत्र केली गेली. सरासरी 0.4 मायक्रोटेस्लाच्या वर राहणाऱ्या मुलांमध्ये धोका सुमारे दुप्पट दिसला, पण इतक्या क्षेत्रात राहणारी मुलं फार थोडी होती. 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या क्षेत्राला 'कदाचित कर्करोगकारक' अशा 2बी गटात टाकलं.

मला सर्वांत बोलका वाटतो तो ब्रिटनमधला अभ्यास. 2005 मध्ये तिथे वाहिनीपासून 200 मीटरच्या आत जन्मलेल्या मुलांमध्ये धोका वाढलेला दिसला. पण 200 ते 600 मीटरच्या पट्ट्यातही तो थोडा वाढलेला होता, आणि तिथवर वाहिनीचं क्षेत्र नावालाही उरत नाही. 2014 मध्ये तोच अभ्यास पुढच्या वर्षांपर्यंत नेला गेला. तेव्हा 1980 नंतरच्या दशकांत वाढीव धोका दिसेनासा झाला होता. चुंबकीय क्षेत्रच दोषी असतं तर ते दशक पाहून वागलं नसतं. तेव्हा त्या वस्त्यांमध्ये कोण राहत होतं, त्यात काय बदललं, हे प्रश्न जास्त वजनदार ठरतात. संबंध खरा मानला तरी जगभरातल्या अशा रुग्णांपैकी जास्तीत जास्त 5 टक्के यामुळे असतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. नव्या आईबापांच्या मनातली धास्ती मला समजते, म्हणूनच हा आकडा त्यांच्यापर्यंत पोचायला हवा असं मनापासून वाटतं.

ज्या धोक्याबद्दल शंकाच नाही, तो वेगळा आहे. भर उन्हात आणि जास्त भारावर तारा तापतात, लांबतात, खाली झुकतात. वाऱ्यात बाजूला झोके घेतात. सकाळी दिसलेलं अंतर दुपारी तेवढंच असेल असं नाही. उच्चदाब तारेला हात लागण्याचीही गरज नसते. गच्चीवर उभा धरलेला लोखंडी पाइप पुरेसा जवळ गेला की ठिणगी हवेतूनच उडी मारते. म्हणून तारेपासूनचं किमान अंतर आणि वाहिनीखालच्या पट्ट्यावरचे बांधकामाचे निर्बंध लेखी तपासून घ्यावेत. पुढे मजला चढवायचा विचार असेल तर आधी हेच पाहावं.

शिवाय आवाज. 50 हर्ट्झच्या विजेवर ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा सेकंदाला 100 वेळा किंचित आक्रसतो आणि सैलावतो. त्याचीच ती संथ घूं-घूं. दिवसा ती रहदारीत बुडते, रात्री उशाशी येते.

माझ्यापुरतं सांगायचं तर टॉवर 70 मीटरवर असेल, संध्याकाळचा आकडा 0.1 च्या आसपास असेल आणि घर आवडलं असेल, तर मी ते घेईन. तारा गच्चीवरून जात असतील तर कितीही स्वस्त असलं तरी घेणार नाही. आणि पहिल्या घराच्या बाबतीतही बयाणा देण्याआधी एकदा पावसाच्या रात्री तिथे जाऊन खिडकी उघडून उभा राहीन. ओल्या हवेत तारांची चरचर कितपत ऐकू येते, ते तेव्हाच कळतं.