केअर यादी गेल्यानंतर : वार्धक्यविषयक प्रादेशिक शोधपत्रिकेच्या मूल्यमापनाची पार्श्वभूमी

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी 2025 मध्ये ‘केअर’ ही मान्यताप्राप्त शोधपत्रिकांची यादी बंद करून त्यांचा दर्जा ठरवण्याचे काम विद्यापीठे आणि महाविद्यालयांवर सोपवले व त्यासाठी 36 मार्गदर्शक निकष सुचवले. यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीच्या एखाद्या महाविद्यालयात समाजशास्त्राचा वा गृहअर्थशास्त्राचा विभाग वार्धक्यावर शोधपत्रिका काढत असेल, तर तिच्या अंकाची परीक्षा आता दिल्ली-पुण्यात होणार नाही. ती त्याच परिसरातील प्राध्यापकांना घ्यावी लागेल. ही जबाबदारी अचानक आल्यासारखी वाटते, पण तिच्यामागे पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आहे.

शोधपत्रिकांना आकड्याने तोलण्याची पद्धत अमेरिकेत यूजीन गारफिल्ड यांच्या संदर्भसूचीतून रुजली. 1964 मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू झाला आणि 1975 पासून ‘इम्पॅक्ट फॅक्टर’चे, म्हणजे पत्रिकेतील निबंधांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला गेला या आकड्याचे, वार्षिक अहवाल निघू लागले. सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत आणि ग्रंथालयांनी कोणती विकत घ्यावीत, एवढ्यापुरता त्या आकड्याचा मूळ उपयोग होता. तो एका प्राध्यापकाची लायकी ठरवायला वापरला जाईल, असा त्यामागे हेतू नव्हता. मराठीतील निबंधाचा संदर्भ मराठीतच घेतला जातो आणि तो त्या सूचीपर्यंत क्वचितच पोहोचतो, त्यामुळे या तराजूत प्रादेशिक अंकाचे वजन पहिल्यापासून शून्याजवळच राहिले.

आपल्याकडे खरे वळण आले ते 2009 आणि 2010 मध्ये. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापलेला असण्याची अट 2009 च्या नियमावलीत आली, तर 2010 च्या नियमावलीने पदोन्नतीसाठी ‘एपीआय’ (शैक्षणिक कामगिरी निर्देशांक) गुण आणले. संशोधनाची सोय नसलेल्या ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकालाही निबंध छापून आणणे भाग पडले आणि मागणी तशी पुरवठा या न्यायाने चर्चासत्रांचे जाडजूड विशेषांक, शुल्क भरताच मिळणारी स्वीकृतीपत्रे आणि मुखपृष्ठावर ठळक छापलेला आयएसएसएन यांचा सुळसुळाट झाला. आयएसएसएन ही केवळ नियतकालिकाची ओळख पटवणारी नोंद आहे, त्यात दर्जाची कोणतीही हमी नसते. तरीही कित्येक वर्षे तोच दाखला म्हणून फायलींना जोडला गेला. आयोगाने 2017 मध्ये मान्य पत्रिकांची यादी जाहीर केली, पण मे 2018 मध्ये तिच्यातून 4,305 नावे वगळावी लागली. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या आणि इतर सूचींत नसलेल्या तपासलेल्या पत्रिकांपैकी 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट असल्याचे ‘करंट सायन्स’मधील एका अभ्यासाने त्याच वर्षी दाखवले. त्यानंतर 2019 मध्ये केअर यादी आली.

यादीने बनावट पत्रिकांना काही प्रमाणात चाप लावला, हे मान्य करायलाच हवे. मात्र यादीत असणे म्हणजेच चांगले असणे, ही सवयही तिनेच लावली आणि आतला निबंध वाचून मत देण्याचा सराव मोडला. नव्या निकषांत संपादक मंडळ, संपादकीय धोरण, संशोधन-नैतिकता अशा बाबी आहेत व त्या आवश्यकच आहेत. पण वार्धक्यावरचा निबंध चांगला कशाने होतो, हे कोणत्याही सर्वसाधारण निकषावलीतून कळत नाही.

पहिला प्रश्न वयाचा आहे. ग्रामीण विदर्भातील आज सत्तरी ओलांडलेल्या अनेकांकडे जन्माचा दाखला नाही. आधार कार्डावर 1 जानेवारी ही तारीख अनेकदा अंदाजाने पडलेली असते आणि निराधार वृद्धांना निवृत्तिवेतन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेसाठी 65 वर्षांची अट असल्याने कागदावरचे वय त्या बाजूला झुकण्याची शक्यताही असते. वय कसे ठरवले हे ज्या निबंधात एका ओळीतही सांगितलेले नाही, त्यातील वयोगटनिहाय तक्त्यांवर किती विसंबायचे?

दुसरा प्रश्न मोजपट्टीचा आहे. लॉटन आणि ब्रॉडी यांनी 1969 मध्ये मांडलेल्या स्वावलंबनाच्या मापनात टेलिफोन वापरणे, खरेदी करणे, पैशांचा व्यवहार पाहणे अशा आठ गोष्टी आहेत. फोन कधीच न वापरलेली, घरातला पैसा मुलाच्या हाती असलेली, पण हंगामात रोज कापूस वेचायला जाणारी वृद्धा या मापाने परावलंबी ठरू शकते. स्मरणशक्तीच्या चाचण्यांचेही तसेच आहे. 1975 ची मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन लिहितावाचता येणाऱ्यांना गृहीत धरते, म्हणूनच हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण, बहुतांश निरक्षर वृद्धांसाठी 1990 च्या दशकात तिचे हिंदी रूप वेगळे घडवावे लागले. मेळघाटातील कोरकू आजीला प्रमाण मराठीतील छापील प्रश्नावली वाचून दाखवणे आणि आलेल्या उत्तरांची सरासरी काढणे, याला संशोधन म्हणणे कठीण आहे. शिवाय मुलाखत कोणासमोर झाली, हेही महत्त्वाचे असते. दुर्लक्षाविषयी आणि छळाविषयीच्या प्रश्नांना सून किंवा मुलगा शेजारी बसलेला असताना मिळालेली उत्तरे वेगळ्या नजरेने वाचावी लागतात.

या क्षेत्रात राष्ट्रीय माहिती नाही असे नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राबवलेल्या ‘लासी’ या वार्धक्यविषयक पाहणीच्या पहिल्या फेरीत, 2017-18 मध्ये, 45 वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून 72,000 हून अधिक जण होते. पण ती राज्याचे चित्र देते, तालुक्याचे नाही. प्रादेशिक पत्रिकेची खरी जागा याच पोकळीत आहे आणि तिचे मूल्यमापनही ती पोकळी किती भरली यावर व्हायला हवे.

सुधारणेचा मार्ग फारसा खर्चिक नाही. वय, बोली, मुलाखतीचे ठिकाण व उपस्थित व्यक्ती यांचा तपशील असल्याशिवाय निबंध परीक्षणाला पाठवायचा नाही, एवढा एक नियमही बरेच काही बदलू शकतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या तत्त्वांनुसार निरक्षर सहभागीच्या अंगठ्यासोबत निःपक्ष साक्षीदाराची सही लागते. कला महाविद्यालयांतल्या पाहण्यांनाही हीच अट लावता येईल. अंक मांडणे, परीक्षण चालवणे व जुने अंक खुले ठेवणे यांसाठी ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही विनामूल्य प्रणाली गेली दोन दशके उपलब्ध आहे. अडचण परीक्षकांची आहे. एका विद्यापीठाच्या परिघात विषयाचे जाणकार मोजकेच असतात आणि ते एकमेकांचे मार्गदर्शक, परीक्षक किंवा सहलेखक निघतात, त्यामुळे नाव झाकून पाठवलेला निबंधही ओळखला जातो. यावर दोनपैकी एक परीक्षक दुसऱ्या विद्यापीठाचा आणि दुसरा प्रत्यक्ष गावपातळीवर वृद्धांसोबत काम करणारा, मग तो पदवीधर नसला तरी, घेणे हा उपाय करून पाहण्यासारखा आहे. त्यासाठी वर्षाला दोनऐवजी एकच अंक निघाला तरी चालेल.