अ‍ॅनोडायझिंगच्या टाकीतून नॅनोनलिकांपर्यंत

टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोनलिका वाढवण्याची कृती आज चार ओळींत मावते. नॅनोनलिका म्हणजे नॅनोमीटरमध्ये (मीटरच्या अब्जांशात) मोजायच्या रुंदीच्या पोकळ नळ्या; त्या अ‍ॅनोडायझिंगने, म्हणजे धातूला विजेच्या धन टोकाला जोडून द्रावणात ऑक्साइडचा थर चढवून, मिळतात. ०.२५ मिमी जाडीची टायटॅनियम फॉइल, इथिलीन ग्लायकॉल, त्यात वजनाने ०.३ टक्के अमोनियम फ्लोराइड आणि आकारमानाने २ टक्के पाणी, समोर प्लॅटिनमचा कॅथोड (ऋण टोक), ६० व्होल्ट, तास-दोन तास. या आकड्यांपैकी सगळ्यांचं लक्ष व्होल्टकडे जातं. इतिहास पाहिला तर खरी अडचण आणि खरी सुटका, दोन्ही पाण्याच्या आकड्यात सापडतात.

सुरुवात अ‍ॅल्युमिनियमपासून झाली. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे ड्युरॅल्युमिनचे (अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे) भाग खाऱ्या पाण्याने खाल्ले जाऊ नयेत म्हणून १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये बेंगॉ आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक आम्लात अ‍ॅनोडायझिंग करण्याची पद्धत काढली. १९२७ मध्ये सल्फ्युरिक आम्लाची पद्धत आली. तिचा थर रंग चांगला शोषतो आणि उकळत्या पाण्यात धरला की त्याची तोंडं मिटतात, हे कारखान्यांना लवकरच कळलं. खिडक्यांच्या रंगीत चौकटी आजही याच तत्त्वावर होतात. थर सच्छिद्र आहे हे त्यावरून उघड होतं, पण छिद्रांची रचना दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. अल्कोआ कंपनीतल्या केलर, हंटर आणि रॉबिन्सन यांनी १९५३ मध्ये षटकोनी पेशींचं चित्र मांडलं: प्रत्येक पेशीच्या मधोमध एक छिद्र, आणि पेशीचा आकार व्होल्टेजवर ठरतो. आजचा ठोकताळा तिथूनच आला: दोन छिद्रांमध्ये दर व्होल्टला साधारण २.५ नॅनोमीटर अंतर.

पुढची चार दशकं हा थर मुख्यतः लेप म्हणूनच वापरला गेला. १९९५ मध्ये जपानच्या मासुदा आणि फुकुदा यांनी ०.३ मोलर ऑक्झॅलिक आम्लात, ४० व्होल्टवर, तब्बल १६० तास अ‍ॅनोडायझिंग केलं. छिद्रं वर कशीही उगवतात, पण खोल जाताना एकमेकांना ढकलत रांगेत येतात, म्हणून एवढा वेळ. पुढच्याच वर्षी मासुदांच्या गटाने दोन टप्प्यांची युक्ती दिली. पहिला थर क्रोमिक-फॉस्फोरिक आम्लाच्या मिश्रणात विरघळवायचा. अ‍ॅल्युमिनियमवर उरलेल्या खळग्यांतून दुसरा थर सुरुवातीपासूनच शिस्तीत वाढतो. मात्र ही शिस्त आम्ल आणि व्होल्टेजच्या ठरावीक जोड्यांवरच मिळते: सल्फ्युरिकला २५ व्होल्ट, ऑक्झॅलिकला ४०, फॉस्फोरिकला १९५. टाकी थंड ठेवली नाही तर एखाद्या जागी प्रवाह उसळतो आणि थर तिथे जळतो.

टायटॅनियमवर हीच आम्लं वापरली तर छिद्रं पडत नाहीत. घट्ट, निळा-जांभळा, प्रकाशाच्या व्यतिकरणाने रंगीत दिसणारा पातळ थर मिळतो. त्याला भोकं पाडायला फ्लोराइड लागतं, कारण ते टायटॅनियमशी विद्राव्य संयुग बनवतं. १९९९ मध्ये फ्रान्समधल्या झ्विलिंग यांच्या गटाने क्रोमिक आम्लात थोडं हायड्रोफ्लोरिक आम्ल घालून नलिकांची रचना दाखवली. २००१ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात ग्राइम्स यांच्या गटाने पाण्यातल्या पातळ हायड्रोफ्लोरिक आम्लात सरळ नलिका उभ्या केल्या. पाण्याचं विघटन घडवणारा फुजिशिमा-होंडा यांचा १९७२ चा टायटॅनिया (टायटॅनियम डायऑक्साइड) अ‍ॅनोड आणि १९९१ चे ग्रेट्झेल यांचे, रंगद्रव्याने प्रकाश शोषणारे सौरघट यांमुळे या पदार्थाकडे डोळे लागलेलेच होते.

पण नलिकांची लांबी सुमारे ०.५ मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अडली. कितीही वेळ चालवा, तळाशी जेवढं ऑक्साइड बनतं तेवढंच तोंडाशी विरघळतं. २००५ च्या सुमारास पेन स्टेटमध्ये आणि जर्मनीत एर्लांगेनला श्मुकी यांच्या गटात द्रावण जवळपास उदासीन ठेवून पाहिलं गेलं. ऑक्सिडीकरणात तळाशी आम्ल आपोआप तयार होतं, तोंडाशी ते नसतं. त्यामुळे खालून खोदकाम चालू आणि वरची झीज कमी. लांबी काही मायक्रॉनवर गेली. मग ग्लिसरॉल आलं. दाट द्रावणात प्रवाहाचे हेलकावे शमतात, म्हणून नलिकांच्या भिंतींवर उमटणारी कडी गेली आणि नलिका गुळगुळीत झाल्या. ग्लायकॉलमध्ये २००६ ला १३४ मायक्रॉन आणि २००७ ला १००० मायक्रॉन लांबी नोंदली गेली. पाणी ऑक्सिजन पुरवतं आणि विरघळवण्यालाही हातभार लावतं. ते कमी केलं की झीज मंदावते. पण एका टक्क्याच्या फार खाली नेलं तर सुट्या नलिका न मिळता एकसंध सच्छिद्र थर मिळतो, कारण दोन नलिकांमधला फ्लोराइडयुक्त पापुद्रा विरघळवायलाही पाणीच लागतं.

म्हणूनच तोच परिणाम पुन्हा मिळवण्याचं गाडं इथे अडतं. ग्लायकॉल हवेतली वाफ ओढतं. कोकणात जुलैमध्ये उघड्या बीकरात ठेवलेल्या द्रावणातलं पाणी मोजलेल्या दोन टक्क्यांवर राहील अशी अपेक्षा करणं भाबडेपणाचं आहे. भांडं झाकणाचं आणि टेफ्लॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं हवं, कारण फ्लोराइड आणि आम्ल मिळून काच खातात. हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल (फ्लोराइडने भाजल्यास लावायचं) जवळ असल्याशिवाय सुरुवात करू नये. ताज्या द्रावणातला थर अनेकदा पोपड्यासारखा सुटतो. टाकाऊ फॉइलवर काही तास चालवलेल्या द्रावणात थर जास्त चांगला चिकटतो. फॉइल आधी अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपॅनॉल आणि पाण्यात अल्ट्रासोनिक बाथने धुवावी.

तपासणीत पहिला पुरावा प्रवाह-वेळ आलेखाचा. प्रवाह झपाट्याने पडतो, थोडा चढतो, मग स्थिरावतो. मधला चढ दिसला नाही तर छिद्रं सुरूच झालेली नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात वरून गवतासारखा गुंता दिसला तर तोंडं झिजून भिंती कोसळल्या आहेत. लांबी वरून कळत नाही, फॉइल वाकवून थराचा छेद पाहावा लागतो. ताजा थर अस्फटिकी असतो, क्ष-किरण आलेखात फक्त धातूची शिखरं येतात. ४५० अंश सेल्सिअसला तापवल्यावर आलेखात २५.३ अंशाच्या कोनाजवळ अ‍ॅनाटेजचं (टायटॅनियाच्या एका स्फटिकरूपाचं) शिखर उठतं. त्याहून बरंच जास्त तापवलं तर तळाच्या धातूकडून रुटाइल हे दुसरं स्फटिकरूप सुरू होतं आणि २७.४ अंशाच्या कोनाजवळ दिसतं. तापमान सावकाश चढवावं, नाहीतर थराला तडे जातात.

मॉट-शॉटकी आलेखाबाबत (व्होल्टेजप्रमाणे थराची विद्युत धारकता कशी बदलते ते दाखवणाऱ्या) मात्र जरा हात आखडता घ्यावा. उताराचं चिन्ह धन आलं की पदार्थ एन-प्रकारचा (म्हणजे वीज इलेक्ट्रॉन वाहून नेतात असा अर्धवाहक), एवढं खात्रीने म्हणता येतं. त्याच उतारावरून काढलेली वाहकांची घनता सपाट पृष्ठभागाच्या सूत्रावर बेतलेली असते. पातळ भिंतीच्या नलिकेत रिक्तीकरणाचा (वाहक उरलेले नसलेला) थर भिंतीएवढा जाड होऊ शकतो, शिवाय खरं क्षेत्रफळ फॉइलच्या क्षेत्रफळाच्या कित्येक पट असतं. मोजणीच्या विद्युतसंकेताची वारंवारता बदलली की उतार बदलत असेल, तर तो घनतेचा आकडा छापू नये.