पुंगळीची पार्श्वभूमी: आवाज पाहिजे का पिकअप?

पावसाळा सरत आला की कासला फुलं येतात आणि साताऱ्यात समर्थ मंदिरापासून वर यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग लागते. रांगेत चारचाकी जास्त, पण कानात बसतो तो पाच-दहा दुचाकींचा आवाज. मग बातमी येते की इतक्या गाड्यांवर कारवाई झाली, इतक्या पुंगळ्या, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या नळ्या, जप्त झाल्या. जप्त पुंगळ्या रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो राज्यातल्या बऱ्याच शहरांतून आलेत. त्या चपट्या पत्र्यांत निदान दोन-तीन वेगळ्या जातीच्या वस्तू असतात. नाव मात्र सगळ्यांना एकच, आणि भांडणाचं निम्मं मूळ तिथंच आहे.

आपल्याकडे ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उभी असते तीही पुंगळी आणि बुलेटला बाहेरून घेऊन बसवतात तीही पुंगळीच. ‘पुंगळी काढली’ म्हणजे कुणाच्या तोंडी आतली जाळी काढली, तर कुणाच्या तोंडी कंपनीचा सायलेन्सर उतरवून दुसरा चढवला. जुना गॅरेजवाला म्हणूनच गिऱ्हाइकाला आधी विचारायचा, “आवाज पाहिजे का पिकअप?” पोरं म्हणायची, दोन्ही. टू-स्ट्रोकच्या जमान्यात या उत्तरात थोडा तरी अर्थ होता.

टू-स्ट्रोक इंजिनात जळका धूर बाहेर जाण्याची आणि ताजं मिश्रण आत येण्याची वेळ जवळजवळ एकच असते, त्यामुळे धुराबरोबर थोडं ताजं पेट्रोलही बाहेर निसटतं. १९५०च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एका रेसिंग अभियंत्यानं यावर नळीच्या आकारातून तोड काढली. नळी आधी कर्ण्यासारखी फुगवायची, मग पुन्हा निमुळती करायची. फुगत्या भागातून परतणारी कमी दाबाची लाट सिलिंडरमधला धूर ओढून काढते, आणि निमुळत्या टोकावर आपटून आलेली दुसरी लाट निसटलेलं मिश्रण पोर्ट, म्हणजे धूर जायचं भोक, बंद व्हायच्या आत परत ढकलते. या नळीचं नाव एक्स्पान्शन चेंबर. १९६१ साली त्या अभियंत्याच्या कारखान्याचा एक नावाजलेला स्वार स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला, जाताना ही विद्या घेऊन गेला आणि जपानी कंपनीत रुजू झाला. पुढच्याच वर्षी ती कंपनी ५० सीसी गटात जगज्जेती झाली. जपानी टू-स्ट्रोक पुढे जगभर गेल्या, त्यामागे ही नळी होती.

बर्फाच्या डोंगरावर चालणाऱ्या स्नोमोबाइललाही हीच फुगीर नळी असते, आणि तिथेही वजनाला हलका, बाहेरचा सायलेन्सर घ्यावा की कंपनीचाच ठेवावा हा वाद पिढ्यान् पिढ्या चालू आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या मध्यापासून प्रमाणित स्नोमोबाइलला ५० फुटांवर ७८ डेसिबलची मर्यादा आहे, आणि तिथल्या गावकऱ्यांची तक्रारही आवाजाचीच. बर्फ सोडला तर यवतेश्वराहून फार वेगळं नाही.

आपल्याकडे ही नळी खऱ्या अर्थानं पोचली १९८५ साली, यामाहाच्या आरएक्स १०० या गाडीबरोबर. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास. १९९६ला ती बंद झाली, पण साताऱ्या-सांगलीत तिचा खरा काळ त्यानंतरची दहा वर्षं, सेकंडहँड गाड्यांचा. मी ज्या गॅरेजवर बसायचो तिथं रविवारी सकाळी दोन-तीन आरएक्स तरी उघडून पडलेल्या असत. सायलेन्सरच्या शेपटाकडचा बारका बोल्ट काढायचा, पक्कडीत धरून जाळी ओढायची. हातभर लांब, काळी, तेलकट. ऑइल पेट्रोलमध्येच जळत असल्यामुळे भोकं बुजलेली. मग ती जाळी जाळून किंवा कॉस्टिकच्या पाण्यात टाकून साफ करायची आणि परत बसवायची, असा रिवाज. पोरं काय करायची, जाळी बाहेर काढली की गाडी एकदा चालू करून बघायची. तो ‘टँण्णण्ण’ आवाज ऐकला की जाळी परत आत जात नसे.

खरं सांगायचं तर जाळी काढून पिकअप वाढत नव्हता. कंपनीनं सायलेन्सरच्या पोटात एक्स्पान्शन चेंबर आधीच बसवलेला होता, जाळी त्या हिशेबातच धरलेली होती. ती गेली की परतणाऱ्या लाटेचं गणित बिघडायचं आणि खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन मंद फिरत असताना, गाडी मरायची. घाटातल्या वळणावर नेमका तोच आरपीएम लागतो. बाहेरून बनवून आणलेला चेंबर लावला तर वरच्या आरपीएमला गाडी खरंच सुटायची, पण मग कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, मोठा करावा लागे. तो न करता लांब पल्ल्याला फुल रेसमध्ये नेलेल्या गाड्या पिस्टन जाम होऊन टेम्पोतून परत आलेल्या मी बघितल्यात. शिवाय आपण समुद्रसपाटीवर राहत नाही. सांगली साधारण साडेपाचशे मीटरवर, कास बाराशेच्या घरात, महाबळेश्वर त्याहून वर. चढत जाल तशी हवा विरळ होते आणि खाली लावलेला जेट वर जास्त पेट्रोल देतो. महाबळेश्वरात गाडी गुरगुरते आणि वाईला उतरली की पुन्हा मोकळी होते, ते याच्यामुळे. दोष बिचाऱ्या पुंगळीवर जायचा.

आता तो गुंता, ज्यासाठी मी हे एवढं लिहायला बसलो. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सायलेन्सरचा आहे. त्याचा आशय असा की प्रत्येक मोटार वाहनाला, शेतीच्या ट्रॅक्टरसुद्धा, असं उपकरण बसवलेलं पाहिजे, जे ‘एक्स्पान्शन चेंबरच्या साहाय्यानं किंवा अन्य प्रकारे’ धुराचा आवाज शक्य तितका कमी करेल. नियमातला एक्स्पान्शन चेंबर म्हणजे आवाज पसरून विरावा म्हणून केलेली पोकळ पेटी. गॅरेजमधला एक्स्पान्शन चेंबर म्हणजे ताकदीसाठी फुगवलेली नळी, आणि तिच्या टोकाला वेगळा सायलेन्सर नसेल तर ती कानठळ्या बसवते. शब्द तोच, काम उलटं. साताऱ्यात एका ओळखीच्या पोरानं तपासणीत हा नियम मोबाइलवर उघडून दाखवला होता. “साहेब, कायद्यातच चेंबर लावा म्हटलंय.” साहेब हसले आणि पावती फाडली. माझ्या मते दोघांचंही बरोबर होतं. पोरानं शब्द वाचला होता, साहेबांनी आवाज ऐकला होता.

नियमातला ट्रॅक्टरही विसरू नका. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढत, स्पीकर लावून रात्रभर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुंगळीला तोच नियम लागू आहे. रोडरोलरखाली ट्रॅक्टरची पुंगळी गेलेली मी तरी पाहिलेली नाही.

आवाज मोजायचा तर आकडे आहेत. १ जानेवारी २००३पासून नव्या दुचाकीला ८० सीसीपर्यंत ७५, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यावर ८० डेसिबल. पण हे आकडे कारखान्यातून निघणाऱ्या गाडीचे. चाचणी मोकळ्या मैदानात होते. ठरलेल्या वेगानं येऊन पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा आणि साडेसात मीटरवरच्या माइकनं मोजायचं. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर ही चाचणी कशी घेणार? पीयूसीत धूर तपासतात, आवाज नाही. म्हणून निकाल कानावर लागतो, आणि कान आकाराला फसतो. नळी आखूड दिसली की गाडी बाजूला.

दरम्यान आरएक्सचा काळ मावळला आणि बुलेट परत आली. जुनी कास्ट आयर्न बुलेट २०१०च्या आसपास थांबली, नवं इंजिन आलं, ते शांत निघालं. ‘डग डग’ गेली म्हणून हळहळणाऱ्यांनी इंदोरी, पंजाबी, शॉर्ट बॉटल, गोल्डस्टार अशा नावांच्या पुंगळ्या चढवल्या. इथं पिकअपचा प्रश्न मुळातच संपला होता. फोर-स्ट्रोकमध्ये परतणाऱ्या लाटेचा फायदा थोडासाच, आणि मोकळी नळी लावून इंजिनाच्या बाकी जोडणीला हात लावला नाही तर तोही हाती लागत नाही. मागणी होती ती फक्त आवाजाची. त्यातून फटाके निघाले. चालत्या गाडीची चावी बंद करायची, ॲक्सिलरेटर पिळायचा, न जळलेलं पेट्रोल तापल्या नळीत साचतं, चावी चालू केली की धडाम. आज सगळ्या पुंगळ्यांची जी बदनामी आहे, ती बहुतेक या धडामची कमाई आहे. दवाखान्यासमोर, रात्री अकराला तो ऐकला असेल त्याला एक्स्पान्शन चेंबरची थोरवी सांगण्यात अर्थ नाही.

२०१९ साली दोन गोष्टी एकामागोमाग झाल्या. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही. तो खटला पुंगळीचा नव्हता. केरळातल्या, गाडीच्या ढाच्यात केलेल्या बदलाचा होता. पण त्याचं सार ‘गाडीला काहीच लावायचं नाही’ असं पसरलं. मग मोटार वाहन कायद्याची दुरुस्ती आली. आवाज-प्रदूषणाच्या कलम १९०(२)खाली आधी पहिल्या गुन्ह्याला हजार रुपये दंड होता, तो दहा हजारांपर्यंत गेला, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने बाद. मालकानं बेकायदा बदल केला तर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

वाद आहे तो ‘बदल’ या शब्दावर. कलम ५२च्या व्याख्येत बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फरक, ज्यानं तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. सायलेन्सर हे मूळ वैशिष्ट्य आहे का? आरसी बुकावर इंजिन नंबर असतो, चासी नंबर असतो, रंगसुद्धा असतो. सायलेन्सर नसतो. गॅरेजवाल्यांचं म्हणणं असं की आवाज मर्यादेत असेल तर १९०(२) लागत नाही आणि आरसीवर फरक पडत नसेल तर ५२ लागत नाही. कारवाई करणाऱ्यांचं म्हणणं असं की गाडी मंजूर झाली ती त्या सायलेन्सरसकट, तो काढला की मंजुरी उरत नाही. मला पहिली बाजू जास्त पटते हे लपवत नाही, पण मर्यादेत आवाज असलेली बाहेरची पुंगळी दाखवा म्हटलं तर गॅरेजवालाही इकडेतिकडे बघतो.

एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि निवड आणखी आखडली. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर आता धुराच्या वाटेतच बसलेत. बऱ्याच मॉडेलांत कन्व्हर्टर इंजिनाजवळच्या बेंड पाइपात असतो, तिथं मागचा सायलेन्सर तेवढा बदलला तर तो शाबूत राहतो. पूर्ण सिस्टिम बदलली की कन्व्हर्टर गेला, सेन्सरचा दिवा लागला आणि धुराच्या कायद्यातही सापडलात. चांगल्या पुंगळीला डीबी किलर नावाची काढता येणारी जाळी मिळते, म्हणजे आरएक्सची तीच जुनी गोष्ट, फक्त स्टेनलेसमध्ये. सोबतच्या कागदावर बहुधा छापलेलं असतं, फक्त रेसिंगसाठी, रस्त्यावर वापरासाठी नाही. तो कागद दुकानातच राहतो.

उतरवलेले कंपनीचे सायलेन्सर कुणी फेकत नाही. आमच्या गॅरेजच्या माळ्यावर ते पोत्यात गुंडाळून ठेवलेत, प्रत्येकावर खडूनं गाडीचा नंबर. पंधरा वर्षांनी पासिंगला न्यायची वेळ आली किंवा गाडी विकायची ठरली की ते खाली उतरतात. आरएक्सवाल्यांकडे ती सोय नाही. तिच्या जाळ्या आम्ही तेव्हाच भंगारात घातल्या. गेल्या दिवाळीत माझी आरएक्स पुन्हा उभी करायला घेतली तर सगळं मिळालं, जाळी तेवढी नाही. सांगलीच्या भंगारात एक सापडली. पुसून पाहिली तर मधूनच कापलेली होती.