फायरवॉल आणि नॅट: व्हीपीएन नेमकं कोण अडवतंय?

साताऱ्याच्या घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर वायरगार्ड बसवलं (बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंत व्हीपीएन, म्हणजे सुरक्षित बोगदा किंवा टनेल, करणारं सॉफ्टवेअर), राउटरमध्ये ५१८२० हा यूडीपी पोर्ट फॉरवर्ड केला (त्या क्रमांकावर बाहेरून येणारं पायकडे पाठवायला सांगितलं) आणि पुण्यात येऊन मोबाइल डेटावर टनेल चालू केलं. वायरगार्डची खोड अशी, की पलीकडे कुणी नसलं तरी ते कुरकुर करत नाही. पाठवलेले बाइट वाढत राहतात, आलेले शून्य. शेवटच्या हँडशेकची, म्हणजे दोन्ही टोकांची ओळख पटल्याची, ओळच दिसत नाही. बाबांना फोन करून राउटरची फायरवॉल बंद करायला लावली. तरी शून्यच.

फायरवॉल नियम बघते: हे पॅकेट (डेटाचा तुकडा) आत सोडायचं की नाही. नॅटला, म्हणजे पत्ते बदलून देणाऱ्या सोयीला, अडवाअडवीशी देणंघेणं नाही. घरातली दहा उपकरणं एकाच पब्लिक आयपीवरून (इंटरनेटवर दिसणाऱ्या पत्त्यावरून) बाहेर जातात, तेव्हा कोणाचं उत्तर कोणाला द्यायचं याची नोंद तो ठेवतो. बाहेरून आगंतुक पॅकेट आलं की नोंद सापडत नाही आणि ते तिथेच संपतं. आपल्याला दोन्ही बाबतींत दिसते ती शांतताच, म्हणून घोळ होतो.

फायरवॉलचं काम एका नियमात भागतं. नॅटसाठी मात्र पोर्ट फॉरवर्ड तिथेच करावा लागतो जिथे नॅट होतंय, आणि ती जागा आपल्याकडे बऱ्याचदा घरात नसतेच. इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पब्लिक आयपीमागे बसवते. हे सीजीनॅट, म्हणजे कंपनीच्या पातळीवरचं नॅट. त्यासाठी १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हे पत्ते २०१२ मध्ये राखून ठेवले गेले. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा आणि 'माझा आयपी काय' असं ब्राउझरमध्ये शोधून येणारा आयपीव्ही४ पत्ता बघा. आमच्याकडे पहिला १००.७२ ने सुरू होत होता, दुसरा भलताच. मग फॉरवर्ड केलेला पोर्ट शोभेचा. कंपनीकडून पब्लिक आयपी घ्या, नाहीतर बाहेर छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन दोन्ही टोकं त्याला जोडा.

घरून ऑफिसचं व्हीपीएन लावताना गोष्ट उलटी. घरचा राउटर बाहेर जाणारं सहसा अडवत नाही, त्यामुळे फायरवॉलवर संशय शेवटी घ्यावा. आयपीसेक या व्हीपीएन पद्धतीच्या ईएसपी (एन्क्रिप्टेड डेटा नेणाऱ्या) पॅकेटला पोर्टच नसतो आणि नॅटची नोंद पोर्टवर चालते. म्हणून ते यूडीपी ४५०० मध्ये गुंडाळून पाठवतात. यूडीपी ५०० वर दोन्ही टोकांचं बोलणं सुरू होऊन पुढे अडत असेल, तर आधी नॅट ट्रॅव्हर्सल (हेच गुंडाळणं) चालू आहे का ते पाहा. थोडा वेळ गप्प राहिलं की टनेल मरतं, तेव्हा नोंद पुसली गेलेली असते. अशी नोंद फायरवॉलही ठेवते. दोषी कोणीही असो, वायरगार्डमध्ये कीपअलाइव्ह (नोंद जिवंत ठेवायला अधूनमधून जाणारं रिकामं पॅकेट) २५ सेकंद ठेवा.

आमचं काम शेवटी आयपीव्ही६ वर, म्हणजे भरपूर पत्ते असलेल्या नव्या पद्धतीवर, झालं. तिथे नॅट नाही, पायला स्वतःचा पब्लिक पत्ता. बाबांना फायरवॉल पुन्हा चालू करायला सांगितली, पुण्याहून टनेल लावलं, तर पुन्हा शून्य. या खेपेला मात्र अडवणारी खरोखर तीच होती. पायच्या पत्त्यावर ५१८२० उघडणारा एक नियम टाकला आणि हँडशेक उमटला.