कॅटॅलिस्टचा दाणा आतून रिकामा का बसून राहतो? छिद्रांमधल्या रिॲक्शनची पार्श्वभूमी

कॅटॅलिस्ट (स्वतः न खपता रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) तोच, वजन तेवढंच, टेम्परेचर आणि गॅसही तोच. एका खेपेला 5 मिलिमीटरचे दाणे भरले आणि दुसऱ्या खेपेला तेच दाणे कुटून बारीक करून भरले, तर रिॲक्शन जोरात असेल तेव्हा कुटलेला माल कितीतरी जास्त काम करतो. पटकन वाटतं की कुटल्यामुळे पृष्ठभाग वाढला असणार, पण तसं नाहीये, कारण सच्छिद्र दाण्याचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग आतल्या छिद्रांच्या भिंतींवरच असतो, एका ग्रॅममागे कधी कधी काहीशे चौरस मीटर, आणि बाहेरची साल त्याच्यापुढे किस झाड की पत्ती. म्हणजे कुटायच्या आधीही तो पृष्ठभाग होताच की, मग तो काम का करत नव्हता?

सुरुवातीला कुणी आत डोकावायचं कारणच नव्हतं. 1823 मध्ये डोबेरायनरने प्लॅटिनमच्या स्पंजवर हायड्रोजन सोडून तो हवेत पेटवून दाखवला, 1835 मध्ये बर्झेलियसने या सगळ्या प्रकाराला कॅटॅलिसिस हे नाव दिलं, पण तेव्हा लक्ष पदार्थाकडे होतं, त्याच्या भोकांकडे नाही. डिफ्यूजनचा, म्हणजे रेणू दाटीकडून विरळ जागेकडे आपोआप कसे पसरतात याचा, अभ्यास वेगळ्याच रस्त्याने चालला होता. 1855 मध्ये फिकने डिफ्यूजनचे नियम मांडले, आणि 1909 मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ नुडसेनने बारीक नळ्यांमधून गॅस कसा जातो ते तपासलं. नळी फारच अरुंद असेल तर रेणू एकमेकांवर कमी आणि भिंतीवर जास्त आपटतात, त्यामुळे छिद्र जितकं बारीक तितकी वाटचाल हळू. हवेचा रेणू साध्या दाबाला साधारण 70 नॅनोमीटर जाऊन दुसऱ्यावर आपटतो आणि कॅटॅलिस्टची छिद्रं बऱ्याचदा 10 नॅनोमीटरच्याही आत असतात, म्हणजे आत गेलेला रेणू बिचारा भिंतींवर धडका खातच पुढे सरकतो.

मग अमोनियाचं युग आलं, 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊचा अमोनिया कारखाना सुरू झाला आणि लोखंडाच्या कॅटॅलिस्टवर लोकांनी जीव ओतला. त्याच कॅटॅलिस्टचा आतला पृष्ठभाग मोजायच्या खटपटीतून 1938 ची ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांची बीईटी पद्धत निघाली, जी आजही लॅबमध्ये रोज वापरली जाते. आता पृष्ठभाग किती हे कळायला लागलं, पण त्यातला कामावर किती हे अजून कळत नव्हतं.

ते कोडं सुटलं 1937 ते 1939 मध्ये, आणि गंमत म्हणजे तीन देशांत तीन माणसांनी ते आपापल्या परीने सोडवलं, जर्मनीत डामकोलर, अमेरिकेत थीले आणि सोव्हिएत रशियात झेल्दोविच. थीले तेलाच्या कंपनीतला इंजिनिअर, डिस्टिलेशन (उकळून द्रव वेगळे करणं) शिकलेल्यांना तो मॅकेब-थीले पद्धतीवाला थीले म्हणून माहीत असतो. त्याने विचार केला तो असा: रेणू छिद्राच्या तोंडातून आत शिरतो, आणि पुढे सरकत असतानाच भिंतीवर त्याची रिॲक्शन पण होत असते, म्हणजे वाट चालणं आणि वाटेतच खपून जाणं अशी दोन्हींची शर्यत आहे. रिॲक्शन मंद असेल तर रेणू मध्यापर्यंत पोचतात आणि अख्खा दाणा राबतो, पण रिॲक्शन वेगवान असेल तर सगळे तोंडाशीच संपतात आणि मधला भाग उपाशी. ही शर्यत त्याने एका आकड्यात बसवली, रिॲक्शनचा वेग-स्थिरांक भागिले डिफ्यूजनचा स्थिरांक, याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला दाण्याच्या जाडीने गुणायचं, यालाच आज थीले मॉड्युलस म्हणतात. साध्या फर्स्ट ऑर्डर रिॲक्शनमध्ये (जिचा वेग कॉन्संट्रेशनच्या थेट प्रमाणात असतो) हा आकडा 10 आला तर दाण्याच्या क्षमतेच्या फक्त 10 टक्के काम निघतं, बाकीचा माल नुसता जागा अडवून बसलेला.

पण माझ्या मते या सगळ्यात मोठी गोष्ट टक्केवारीची नाही. झेल्दोविचच्या गणितातून दिसलं की डिफ्यूजनने अडवलेल्या दाण्यावर ॲक्टिव्हेशन एनर्जी (रिॲक्शन सुरू व्हायला रेणूला लागणारी किमान ऊर्जा) मोजली तर ती खऱ्याच्या साधारण निम्मी येते, आणि रिॲक्शनची ऑर्डरसुद्धा (वेग कॉन्संट्रेशनच्या कितव्या घाताने बदलतो ते) बदललेली दिसते, सेकंड ऑर्डर असेल तर दीड दिसते. म्हणजे माणूस प्रामाणिकपणे मोजतोय, आलेख सरळ रेषेत येतोय, आणि तरीही जे मोजलं ते भिंतीवरचं रसायन नाहीच, रसायन आणि वाट यांची खिचडी आहे. म्हणूनच 1954 चा वाइझ-प्रेटर निकष मला फार मोलाचा वाटतो, त्यात खरा स्थिरांक माहीत असायची गरजच नाही, प्रत्यक्ष दिसलेला रेट, दाण्याचा आकार, डिफ्यूजन आणि पृष्ठभागावरचं कॉन्संट्रेशन एवढ्यावर कळतं की दाणा आतून उपाशी आहे का नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर क्रॅकिंगमध्ये (तेलाचे मोठे रेणू तोडताना) कोक, म्हणजे कार्बनचा थर, बसून काळा झालेला दाणा घ्या आणि हवेत तापवा. टेम्परेचर कमी असेल तर ऑक्सिजन आरामात आतपर्यंत पोचतो, दाणा अर्धवट जळल्यावर फोडला तर सगळीकडे सारखाच करडा. टेम्परेचर चढवून तेच केलं तर बाहेर पांढरं कडं आणि मध्ये काळी कुळकुळीत गोळी, जशी बोराच्या आत बी. ऑक्सिजन कडेलाच संपतोय हे त्या एका कापात दिसतं, त्याला गणित लागत नाही.

मग दाणे बारीकच का करत नाहीत, तर रिॲक्टरमध्ये भुकटी भरली की गॅस जायला वाटच उरत नाही आणि त्याचा दाब वाटेतच फार घटतो. म्हणून दाणा मोठा ठेवून जाडी कमी करायच्या युक्त्या आल्या. मिथेन आणि वाफेपासून हायड्रोजन काढतात तिथले दाणे बघा, आरपार भोकं पाडलेले असतात, कारण तिथे दाण्याचा जेमतेम काही टक्के भागच कामाला येतो.

झिओलाइटने (ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे सच्छिद्र क्रिस्टल) मात्र अडचणीचाच उपयोग करून घेतला. यांची छिद्रं रेणूच्याच मापाची असतात, आणि 1960 मध्ये वाइझ आणि फ्रिलेट यांनी दाखवलं की कुठला रेणू आत-बाहेर करू शकतो यावरूनच रिॲक्शन निवडता येते. पुढे झेडएसएम-5 हा झिओलाइट आला, छिद्र साधारण साडेपाच अँगस्ट्रॉम (अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास), त्यातून सडपातळ पॅराझायलीन झपाट्याने बाहेर पडतं आणि त्याच झायलीनचे वेगळ्या रचनेचे, आडवे मेटा-ऑर्थो भाऊ आत अडकून राहतात, फिरून पॅरा झाले तरच सुटतात. पण जड रेणू आणले की पुन्हा तोच जुना त्रास, क्रिस्टलचा गाभा रिकामा बसलेला, म्हणून आता गरम अल्कलीत ठेवून त्यातलं थोडं सिलिकॉन काढतात आणि बारीक छिद्रांना जोडणारे रुंद बोगदे मुद्दाम पाडतात.