संगणकाला तंबोरा का ऐकू येत नाही?

गोव्यात फोंड्याला माझी वहिनी नाट्यसंगीत शिकवते. गेल्या पावसाळ्यात तिने पुण्याच्या एका मुलीला संगणकावरून शिकवायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी तक्रार आली : तंबोरा सुरू होतो नि तीन-चार सेकंदांत विरतो. वहिनी गाऊ लागली की भुतासारखा मधेच उमटतो, पुन्हा गडप. माइक शंभरावर नेला, ड्रायव्हर नव्याने टाकला, नवा माइक आणला. शेजारीण म्हणाली, दृष्ट काढा. मिरच्या जाळून खोकला तरी आला असता. ‘स्टुडिओ दर्जा’च्या माइकने तेवढाही परिणाम झाला नाही.

दोष माइकचा नव्हताच. संगणक तंबोऱ्याला पंखा समजत होता.

आलेला आवाज संगणक साधारण वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापतो आणि प्रत्येक तुकड्यात कुठल्या कंप्रतेला (सेकंदाला किती कंपनं, तिला) किती जोर आहे ते फूरिये या फ्रेंच गणितज्ञाच्या गणिताने काढतो. आपण बोलतो तेव्हा सेकंदाला चार-पाच अक्षरं येतात, मधे श्वास येतो, म्हणून प्रत्येक कंप्रता-पट्ट्यातला जोर सारखा चढतो-उतरतो. पंख्याचं किंवा पत्र्यावरच्या पावसाचं तसं नसतं, तो एकसारखा. त्यामुळे पट्ट्यातला जोर काही सेकंदांत ज्या पातळीखाली उतरलाच नाही, ती पातळी म्हणजे गोंगाट असं धरायचं आणि तेवढी वजा करायची. ही वजाबाकी स्टीव्हन बोल यांनी १९७९ साली मांडली. गोंगाटाची पातळी हेरण्याच्या युक्त्या पुढे सुधारत गेल्या.

आता तंबोरा घ्या. तो खंड न पडता वाजावा म्हणूनच घडवलेला. खरं तर तार जिथे छेडतो तिथे ज्या सहायक नादांचा (मूळ सुरासोबत उमटणाऱ्या वरच्या सुरांचा) निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू येतो, ते नाद उमटायलाच नकोत. पण घोडीच्या रुंद पाठीवर, तारेखाली सरकवलेल्या जवारीच्या दोऱ्यामुळे, तार सतत टेकत-सुटत राहते आणि तेही ठणठणीत ऐकू येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं होतं. एक तार विझायच्या आत दुसरी छेडलेली असते, म्हणजे पट्टे रिकामे होतच नाहीत. नीचांकी पातळी तीच तंबोऱ्याची पातळी, आणि ती वजा! वहिनी गाते तेव्हा तिच्या आवाजासाठी पट्टे उघडतात, त्यांतून तंबोरा क्षणभर निसटतो. तेच ते भूत.

नव्या, ‘एआय’चं लेबल लावलेल्या गोंगाटाच्या गाळण्या वेगळ्या चालतात, पण बऱ्याच जणी माणसाच्या बोलण्यावरच शिकलेल्या. घुमट या गोव्याच्या मातीच्या वाद्याची थाप त्यांना दार आपटल्यासारखी वाटली तर नवल नाही.

खरा वैताग पुढेच. ही गाळणी मीटिंगच्या प्रोग्रॅममध्ये असते, विंडोजच्या माइक सेटिंगमध्ये ‘एन्हान्समेंट्स’ नावाने असू शकते आणि कधीकधी हेडसेटमध्येही. एकीचा दुसरीला पत्ता नसतो, आणि एक बंद केली तरी उरलेल्या चालूच. त्यात ब्लूटूथ हेडसेटचा माइक वापरला तर अनेकदा सेकंदाला फक्त १६,००० नमुने घेतले जातात, जुन्यांत ८,०००. नमुन्यांच्या निम्म्या कंप्रतेपर्यंतचाच आवाज टिकतो, म्हणजे ८,००० किंवा ४,००० हर्ट्झच्या वरचं सगळं गेलंच.

तिन्ही गाळण्या बंद केल्या, वायरचा माइक लावला. तंबोरा भरून आला. पाठोपाठ पंखा, पत्र्यावरचा पाऊस, आणि संध्याकाळी पुण्याहून प्रश्न, “मागे पॉं-पॉं कोण करतंय?”

“पोदेर,” वहिनी म्हणाली आणि पाव घ्यायला उठली.